शटर अर्धं खाली

मूर्तिजापूरला बाबांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती ऑटोत घालून आणत, बाबा जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरत. आई गेल्यावर ते एकटेच राहत. मी अमरावतीला नोकरीला होते. चार नवी गिऱ्हाइकं आली तर त्यांचा वेळ जाईल म्हणून फार शहाणपणा करून मी ते दुकान फोनमधल्या नकाशावर टाकलं. पत्ता, नंबर, उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ, सगळं. बाबांना नवा फोन घेऊन दिला आणि दुकानाचं खातं त्यांच्याही फोनवर जोडून दिलं.

लोक आले, पण मोटार न घेता आले.

भातकुलीकडची दोन जुनी गिऱ्हाइकं खांद्यावर दुपट्टा टाकून, मान खाली घालून दुकानासमोर उभी राहिली. शेजारच्या गादीवाल्या चाचांना त्यांनी हळूच विचारलं, "कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"मिस्त्री गेले नं?"

चाचांनी नुसतं बोट दाखवलं. बाबा आत स्टुलावर बसून त्यांच्याकडेच पाहत होते.

झालं असं होतं, की फोनमध्ये दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद' असं दिसत होतं. दुष्काळाच्या आणि आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्याकडे कोणाचं काही कायमचं बंद झालं म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत, सरळ भेटायला निघत.

"माह्याच दुखवट्याच्या बैठकीचा चहा मीच पाजला त्याहीले," बाबा फोनवर हसत म्हणाले. मला काही हसू आलं नाही. मी ताबडतोब ती लाल अक्षरं काढून टाकली.

आठवड्याभरात ती परत आली. मी काढायची आणि ती परत यायची. दर वेळी कोणीतरी भेटायला यायचं. एका म्हातारीने तर दारातून बाबांना पाहिलं, उंबऱ्यात टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि पाठ न फिरवता तशीच मागे मागे रस्त्यावर गेली. हे बाबांनी सांगितलं तेव्हा ते हसत नव्हते.

मी सुटी टाकून मूर्तिजापूरला गेले. रस्त्याने जाणारे लोक दुकानात डोकावत आणि पटकन नजर वळवत. बाबा आत बसलेले दिसत होते तरी ओळखीची माणसं दुकानापुढे आली की आवाज खाली आणत.

माझा संशय होता स्टँडजवळच्या दुसऱ्या वायंडिंगवाल्यावर. गेले आणि त्याला भर रस्त्यात झापलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, अडलेलं काम मीच मिस्त्रीकडे धाडतो. अन् आता काम हाय कोणाकडे? मागच्या साली मोटारी कोरड्या चालून जळल्या. औंदा विहिरीत पाणीच नाई, तं कोणी मोटार सोडतच नाई. जळन काय?"

मी तोंड पाडून परतले. दुकानात बाबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून फोन बघत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. फोन विचारत होता, हे दुकान अजून सुरू आहे का? बाबांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं, खुंटीवरच्या तारेच्या वेटोळ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग कोणाला वेळ सांगावी तसं सहज 'नाही' दाबलं.

"बाबा! हे तुम्ही करता?"

"तो रोज इचारते बाप्पा. मी पाह्यतो अन् सांगतो. खोटं काहून सांगू?"

"अहो, लोक तुम्हाला मेलेले समजून राहिले!"

"समजू दे. तेवढ्यासाठी तरी येतात."

मला भीती वाटली. दुकान गेलं असतं तर चाललं असतं, पण हा माणूस मला हवा होता. मी ते खातं त्यांच्या फोनवरून काढून टाकलं आणि म्हटलं, यापुढे मी विचारत जाईन. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसात पोचले की मी फोन लावायची, "दुकान उघडं आहे का?"

"हाव वं माय, हाय," बाबा करवादत.

वैशाखात एक दिवस त्यांनी फोन उचलला नाही. दुपार झाली तरी नाही. मी नकाशा उघडला. तिथे हिरव्या अक्षरांत होतं, 'आता उघडे आहे'. ती वेळ मीच भरली होती. बाबा आत कसेही पडलेले असते तरी त्याने तेच दाखवलं असतं. लाल अक्षरांपेक्षा मला त्या हिरव्याचीच चीड आली. मी चाचांना फोन लावला.

"बेटा, शटर तं अर्धं खाली हाय."

"आत जाऊन पाहा ना, चाचा."

"मी जाऊ?" चाचांनी विचारलं. त्यांनाही जायचं नव्हतं, मला कळलं. मग चपला वाजल्या. शटर खडखडलं. पुढे काहीच ऐकू येईना. मी टेबल घट्ट धरून उभी होते.

"कोन हाय बे? शटर नोको वर करू, ऊन येते!"

मी भर ऑफिसात रडले. चाचांनी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांचा स्वतःचा घरी चार्जिंगला राहिला होता.

"काय झालं वं? मोटार आली हाय, खाली बसून तार भरून राह्यलो. बोलाले टाइम नाई." मग जरा थांबून म्हणाले, "पण लोकाहीले बंदच वाटत असन. ते फोनात लिहून टाक बरं."

मी वेळेच्या खाली लिहिलं: उन्हाळ्यात शटर अर्धं खाली असतं. वाकून आत या. मिस्त्री आहेत.