पांढरी बाहुली

शहरातल्या शाहूपुरी भागात एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी तपासणीचं काम करायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आठवड्यातून एकदा तरी कुठल्यातरी शाळेत पोरांचे डोळे तपासायला जावं लागे. मोठ्या पोरांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली की भागायचं, पण बालवाडीतल्यांना अक्षरं कुठली यायला? त्यांच्यासाठी हातात मावणारं एक यंत्र होतं. खाली सेल घालायचा दांडा, वर बारीक दिवा, आणि बघायला एक भोक. आम्ही त्याला बत्तीच म्हणायचो. खोलीत अंधार करायचा, भोकाला आपला डोळा लावायचा आणि हातभर लांबून पोराच्या डोळ्यांत उजेड टाकायचा. चांगल्या डोळ्याची बाहुली केशरी उजळते. दोन्ही सारख्या उजळल्या की पोर चाललं खेळायला.

एका पावसाळ्यात, यंत्रमागांच्या कबनूर गावातल्या एका बालवाडीत मी खिडक्यांवर सतरंज्या टाकून बसले होते. चहूबाजूंनी मागांचा खडखडाट. पोरांच्या केसांतसुद्धा कापसाची तूस. त्यात एक मुलगी आली, तीनेक वर्षांची, चुरूचुरू बोलणारी. बत्तीकडे बघून म्हणाली, "माज्या डोळ्यात काय हाय?"

डावी बाहुली केशरी दिसली. उजवी पांढरी. पांढरी म्हणजे चुन्यासारखी. मी तिला मान जरा वळवायला सांगितलं, परत बघितलं. पांढरीच.

बालवाडीच्या बाईंनी तिच्या आईला घरून बोलावून आणलं. तरुण बाई, पोटुशी होती. मी विचारलं, "हिचा हा डोळा कधी वेगळा दिसलाय का?"

"व्हय की. सांजच्याला मांजरावानी चमकतोय. सासूबाई म्हणत्यात, नशीबवान पोर हाय."

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि समोर बसवून सांगितलं, की डोळ्याच्या आत कॅन्सरची गाठ आहे. ती अजून बाहेर पसरलेली दिसत नाही. लगेच डोळा काढला तर पोरगी वाचेल अशी आशा आहे. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काढा. पर तिच्या बापाला इचारावं लागंल."

त्यानंतर ती आली नाही. आठवडाभर वाट बघून मी कबनूरला गेले. मुलीचा बाप एका शेडमध्ये माग चालवायचा. मालक म्हणाला, माग थांबवता येणार नाही, काय ते आत जाऊन बोला. त्या आवाजात कानाशी तोंड नेलं तरी ऐकू जात नव्हतं. शेवटी मी ओरडून सांगितलं, "डोळा काढावाच लागेल! नाहीतर पोरगी जाईल!" शेजारच्या मागांवरची माणसं वळून बघायला लागली. सगळ्या शेडला कळलं.

तो तुटलेला धागा जोडत होता. हात न थांबवता तोही ओरडला, "एका डोळ्याच्या पोरीला कोण करून घेणार?"

"आधी ती जगू दे की!"

"तिला काय बी हुईत न्हाय! खेळतीया, जेवतीया! तुमी जावा!"

गावातल्या कुणीतरी झाडपाल्याचे थेंब दिले होते, ते चालू होते, असं मला बालवाडीच्या बाईंकडून कळलं. मी आणखी एकदा घरी गेले. सासूने दारातूनच परतवून लावलं. आई आत होती, बाहेर आली नाही.

दिवाळी झाल्यावर बाप स्वतःच मुलीला उचलून घेऊन आला. डोळा सुजून पापणीच्या बाहेर आला होता. आता माझ्या बत्तीचं काही काम नव्हतं. डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे डोळा काढला, पण रोग पुढे गेला होता. उन्हाळ्यात ती गेली. शेवटी शेवटी तिला बोलताही येत नव्हतं, असं बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

मधल्या काळात तिच्या आईला मुलगा झाला होता. भावंडांमध्येही हा रोग निघू शकतो, हे त्यांना मुंबईतच सांगितलेलं. तो बसायला लागला तेव्हा आई त्याला घेऊन आमच्याकडे आली. मी अंधार केला, बत्ती लावली. दोन्ही बाहुल्या केशरी. मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मला बघू द्या."

मी तिच्या हातात यंत्र दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. पोरगं सोबत आलेल्या त्याच्या मामीच्या मांडीवर होतं. ती भोकाला डोळा लावून बघत राहिली.

"असं दिसतंय व्हय? समद्यांचं?"

"हो."

"माज्या पोरीचं मला कधी असं बगायलाच मिळालं न्हाय."

नंतर डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांत औषध घालून मोठ्या यंत्राखालीही तपासलं. डोळे स्वच्छ होते, पण काही वर्षं सारखं दाखवत राहावं लागणार होतं. ते बापालाही सांगायला मी आईबरोबर बाहेर आले. तो आत आलाच नव्हता. फाटकापाशी उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेली. मी म्हटलं, बाळाचे डोळे चांगले आहेत. त्याने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, तवा ऐकलं असतं तर वाचली असती व्हय?"

 माझ्याआधी त्याची बायकोच म्हणाली, "वाचली असती."

आवाज चढवला नाही, रडलीही नाही. पोराला खांद्यावर टाकलं आणि ती एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.  तो तिच्या मागून गेला.