काचेच्या पुलाची गाडी

वळणापलीकडे इंजिन ओरडलं तेव्हा मी रुळाशेजारी बसले होते. रुळांसाठी खोदलेला चर दोन्हीकडून उभा कापलेला, आणि माझे गुडघे गेलेले. शेजारी सून, आणि आमची सगळी मेंढरं सावलीला दाटून उभी.

"तू वर चढ," मी सुनेला म्हणाले. ती एकटी चढली असती.

"गप कडंला चिकटून बसा, आत्या."

जतच्या बाजूला आमच्या डोंगरावर काचेचा पूल बांधला. त्यावर उभं राहून खाली बघायचं. आम्ही जन्मभर तिथूनच बघत आलो, काचेवाचून. पूल बघायला माणसं यावीत म्हणून रेल्वेचा फाटा आमच्या माळापर्यंत वाढवला. रूळ टाकल्यावर बरेच महिने त्यावरून काहीच गेलं नाही. माळावर झाड नाही, चरात दुपारची सावली. तिथं मेंढरं बसवायची सवयच पडली.

भेदरलेली मेंढरं पळत नाहीत, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात. कळपापुढं चालायला आम्ही एक शेळी ठेवतो. ती उठली तरच मेंढरं उठतात. आणि शेळी उठते ती रोज भाकरी घालणाऱ्याच्या मागं. आमच्यात भाकरी सून घालते.

वर जायची चढण होती ती इंजिनाच्याच अंगाला. सून भाकरी हातात धरून, शेळीला हाका मारत तिकडं पळाली. मागं शेळी, शेळीमागं मेंढरं. वळणावर ती ड्रायव्हरला दिसली. बसलेली मी दिसले नसते.

इंजिन थांबलं. ड्रायव्हर घामानं भिजून खाली उतरला.

"आवं आजी, चाचणी हाय म्हणून गावात दवंडी दिली व्हती की."

"गावात दिली. आमी माळावर असतो."

त्यानं मला धरून वर काढलं, स्वतःचं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवसापासून इंजिन यायच्या आधी एक माणूस माळावर सांगून जाऊ लागला.

त्याच रुळांवरच्या गाडीनं मी आता मिरजेला डोळे दाखवायला जाते. आधी जीप, मग एसटी, हाडं खिळखिळी व्हायची. त्या पुलाचे माझ्यावर उपकार आहेत. ड्रायव्हरचे आहेत. सुनेचे सगळ्यांत जास्त. तिला तसं म्हणाले, तर म्हणाली, "भाकरी शेळीनं खाल्ली. तिला सांगा."

त्या दुपारी चरात आम्ही दोघी, ती शेळी आणि मेंढरं होतो. सगळी जगलो.