वर्दीत बोलायचं नसतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. त्या दिवशी बांधावर मला एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याचं खरं उत्तर मला ठाऊक होतं.

फौजेत गेलो तेव्हा कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी सुरुवातीलाच घोकून घेतलं होतं. वर्दीत शिवी द्यायची नाही, खिशात हात घालायचा नाही, चालता चालता खायचं नाही. गावच्या भांडणात तोंड उघडायचं नाही. "वर्दी पहनी, तो ज़बान भी सरकारी," ते म्हणायचे. सुट्टीत घरच्या कामासाठी वर्दी चढवायची नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं. यातला कुठला नियम पाळायचा आणि कुठला मोडायचा, ते मी सोयीनं ठरवलं.

तेलंगणात, आदिलाबादजवळ तामसीकडचं आमचं गाव. आमच्या कपाशीच्या शेतातून शेजारच्या काकांची गाडीवाट जायची. काका नात्याचे नव्हते, पण लहानपणी त्यांच्याच गाडीत, ज्वारीच्या कणसांवर बसून मी त्या वाटेनं हिंडलो होतो. भरतीसाठी धावायचा सराव केला तोही तिथंच. मोठ्या भावाला ती वाट मोडून शेतात घ्यायची होती. वाट कधी नव्हतीच, असं तो सांगत सुटला. काकांनी अर्ज केला, तेव्हा महसूल खात्याचा तपासनीस, गिरदावर, जागेवर मौका पाहायला येणार असं ठरलं. मी नेमका सुट्टीवर होतो.

सकाळी भावानं माझी वर्दी इस्त्री करून आणली. मी ती अंगात चढवली.

"तू फक्त उभा राय," तो म्हणाला. "बोलू नोको. बोलाचं काम माह्यं."

बांधावर मी टाचा जुळवून उभा राहिलो. जमलेली माणसं हळूहळू माझ्यापासून लांब सरकली. आवाज खाली आले. कपाशीचं पानही हलत नव्हतं. मला ते आवडलं, हेही लिहून टाकतो.

"काऊन रे बाप्पा," काका म्हणाले, "सरहद्द इकडं सरकली का काय?"

कुणी हसलं नाही.

गिरदावरानं छत्री मिटली आणि तेलुगूत अदबीनं मलाच विचारलं, "मीरु चेप्पंडि सार, इक्कड दारि उंडेदा?" तुम्ही सांगा, इथं वाट होती का?

मी समोर बघत राहिलो. भाऊ घाईनं म्हणाला, "वर्दीत हाय साहेब तो. त्याले बोलता येत नाई."

काका माझ्याजवळ आले. मला खरंच नियमाची अडचण आहे असं त्यांना वाटलं होतं. "घरी जाय लेका," ते हळूच म्हणाले. "लुंगी घालून ये, मंग सांग. आमी थांबतो."

घर हाकेच्या अंतरावर होतं. मी हललो नाही. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मग "बरं, साहेब," म्हणाले आणि मागं झाले. त्याआधी त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

वाट नाही, असं गिरदावरानं लिहिलं. मी परत जायच्या आत भावानं तिथं नांगर फिरवला.

काका मग नाल्यातून शेतात जाऊ लागले. पोळ्याच्या थोडं आधी नाला भरून आला आणि गाडी उलटली. एक बैल वाहून गेला, काकांचा पाय चाकाखाली चिरडला. भावानं मला फोनवर सांगितलं. "आपली काय चूक नाई त्यात," तो म्हणाला. "तू तं बोलला बी नाई." पोळ्याला काकांच्या दारात एकच बैल सजवून उभा होता, असं आईकडून कळलं.

फौजेतून निवृत्त होऊन आता मी आदिलाबादला एका बँकेच्या दारावर पहारा देतो. ही वर्दी वेगळ्या रंगाची. काका पेन्शनसाठी लंगडत येतात. मी दिसलो की डोक्याचा दुपट्टा काढतात, पायऱ्यांखालीच थांबतात. "साहेब, आत जाऊ का?" चेहऱ्यावर राग नसतो. तो असता तर बरं झालं असतं. मी दार उघडतो. बस येऊन ते निघून जाईपर्यंत टाचा जुळवून समोर बघत उभा राहतो.

भाऊ गेला. ते शेत आता माझं आहे, आणि वाटेच्या जागी या वर्षीही कपाशी उभी आहे. काकांची वाट मला मोकळी करून द्यायची आहे. आणि घरच्या कपड्यांत, चार माणसांसमोर, ती होती असं सांगायचं आहे. अजून दोन्हीतलं काहीच केलेलं नाही.