रांजणातले टेंगने

कुडव्याच्या गिरजा पटलेच्या बैठकीत टीव्हीपेक्षा जास्त जागा काचेच्या टाकीनं अडवली होती. टाकीत काळ्या पट्ट्यांचे, मिशावाले, बोटभर टेंगने मासे. अर्जुनी मोरगावकडच्या तिच्या माहेरच्या तलावात ते पूर्वी चिक्कार असत. मोठ्या माशांचं बीज सोडायला लागले, तसे ते दिसेनासे झाले. उरलेसुरले नऊ गिरजानं डब्यातून आणले. लपायला छपरावरची फुटकी कवेलू रचली, गांडुळं खाऊ घातली, पाण्यात देशी बदामाची वाळली पानं टाकली. पाणी चहासारखं होई, पण टेंगन्यांना तेच मानवे. चार वर्षं अंडी बुरशीनं गेली, तरी तिनं टाकी मोडली नाही. २००८ साली एका मादीचं पोट पुन्हा भरलं, आणि त्याच आठवड्यात तिच्या रविताला बघायला गोरेगावकडचे पाहुणे यायचं ठरलं.

सासू सुलोचनाबाईंना ते पाणी पाहुण्यांपुढं लाजिरवाणं वाटलं. गिरजा पोहे भिजवत होती, तेवढ्यात त्यांनी टाकीत तुरटी फिरवली, चांगली सढळ हातानं. थोड्याच वेळात टेंगने वर येऊन तोंडं उघडू लागले.

"माय, काय टाकलं यात?"

"तुरटी. काऊन, घाण पाणी दाखवतं का सोयऱ्याईले?"

गिरजा दुसरं पाणी शोधू लागली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास होता. मुरलेलं पाणी फक्त रांजणात होतं, पाहुण्यांना प्यायला भरून ठेवलेलं. तिनं एकेक मासा उचलून त्यात सोडला. काटा रुतून अंगठा सुजला. दोन गेले, सात तगले. मादी तगली.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं, रुख्माबाईंनी, टेकल्या टेकल्या पाणी मागितलं.

"पाणी टेंगन्याईले दिलं, बाई," गिरजा म्हणाली. "रविता शेजारून आणून रायली."

सुलोचनाबाईंनी तोंडाला पदर लावला. रुख्माबाई मात्र उठून रांजणात डोकावल्या. पूर्वी आमच्या गावच्या बोडीत, लहानशा तळ्यात, उतरलं की यांचे काटे रुतायचे, म्हणाल्या. आता रुतायलाही एक उरला नाही. नवी साडी भिजवत रविता कळशी घेऊन आली, तेव्हा दोघी रांजणाशीच होत्या.

लग्न झालं. मादीची पिल्लंही या खेपेस जगली. ती घेऊन गिरजा आणि तिची सासू एसटीनं लेकीच्या सासरी निघाल्या. पिल्लं ठेवलेली दुधाची कॅन सुलोचनाबाईंनी मांडीवरून हलू दिली नाही. तिथल्या बोडीच्या काठावर गिरजानं ती हळूच कलती केली. मग सुलोचनाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत बदामाची वाळली पानं होती. ती त्यांनी पिल्लांमागोमाग पाण्यात टाकली.