हॅनाचा एकच शब्बाथ

मी तिला ओलांडून पुढे गेले होते.

तेव्हा मी नऊ वर्षांची. तीही तेवढीच.

हॅना काल गेली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत कारखाना नुकताच सुरू झालेला, पप्पा तिथे फिटर. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, लांब पुण्यात, म्हणून शुक्रवारी दिवेलागणीला आमच्या क्वार्टरमध्येच शब्बाथची, आठवड्याच्या पवित्र दिवसाची, प्रार्थना व्हायची.

दार सताड उघडं. शेजारच्या शिंदेकाकू, गॅरेजवाले रहमानचाचा, ज्याला वाटेल तो येऊन बसायचा.

आई म्हणायची, "देवाचं नाव ऐकायला ओळख कशाला लागते?"

पण पूर्ण प्रार्थनेला आमच्यातले दहा पुरुष लागतात. होते नऊच. मग पप्पांनी काळेवाडीहून अहरोनकाकांना बोलावलं. हॅना त्यांची मुलगी.

तिची आई सरूमावशी चऱ्होलीची, हिंदू घरातली. अशा घराला आमच्यातले जुने लोक 'काळे इस्रायल' म्हणत.

लिहिताना आजही लाज वाटते.

त्या शुक्रवारी रेवदंड्याची आत्या आली होती. मला बाजूला ओढून म्हणाली, "त्या पोरीला पेला देऊ नकोस हां."

प्रार्थना झाली की मनुकांच्या शरबताचा एकच पेला सगळ्यांत फिरतो. मुलांमध्ये तो फिरवायचा मान माझा.

हॅनाने दोन्ही हात पुढे केले.

मी पुढच्या मुलाला दिला.

पप्पांनी पाहिलं होतं. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटून ठेवलं.

अहरोनकाका उठले. "चल, बाळ."

दारातून वळून सगळ्यांना "शब्बाथ शालोम" म्हणाले आणि गेले.

पुढच्या शुक्रवारी परत नऊच. पप्पा काळेवाडीला गेले, तासाभराने एकटेच आले.

आईला म्हणाले, "अहरोनने विचारलं, दहावा माणूस हवाय म्हणून आलात, की आम्ही हवे आहोत म्हणून?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

पप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली.

आई दोनदा जाऊन आली. सरूमावशींनी बसवलं, चहा दिला. शुक्रवारचा विषय मात्र काढू दिला नाही.

नंतर आमच्यातली घरं एकेक करून इस्रायलला गेली. दहा पुन्हा कधी भरलेच नाहीत.

मी आणि हॅना इथेच राहिलो. ती नर्स झाली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी तीच होती. दरवेळी वाटायचं, आज बोलू. तीन वर्षांपूर्वी एकदाचा विषय काढला.

"हॅना, लहानपणी आमच्याकडे तो पेला..."

"कुठला पेला गं? मला तर काहीच आठवत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की 'सॉरी' म्हणायचंच राहिलं.

आज दफनानंतर तिची मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, आई दर शुक्रवारी घरी दिवा लावायची. पण कुणाकडे शब्बाथला कधीच गेली नाही. विचारलं की म्हणायची, लहानपणी एकदा गेले होते, तेवढं पुरे."

तिला सगळं आठवत होतं.

हॅना, चुकले गं मी. हे तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

शांतपणे जा. शालोम.