शंभरपैकी किती पोचले

शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि दोनच वर्षांत नवरा गेला. मागे राहिलं परसाच्या टोकाचं काचघर. तो तिथे फुलांची रोपं वाढवायचा. आतलं तापमान घरात बसून कळावं म्हणून त्याने दोन छोटी सर्किटं बिनतारी जोडली होती. एक रोपांजवळून आकडा पाठवायचं, दुसरं स्वयंपाकघरात छोट्या पडद्यावर तो दाखवायचं.

थंडी वाढली तेव्हा पडद्यावर सलग दोन दिवस चौदा दिसत होतं, म्हणून बाई निर्धास्त होत्या. तिसऱ्या सकाळी त्यांनी काचघर उघडलं, तर सगळी रोपं माना टाकून काळी पडलेली. हीटर कधीचा बंद पडला होता. पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता, शिळा होता. निरोप येणं थांबलं तरी पडदा शेवटचंच दाखवत राहिला होता.

"आई, मोडीत काढ ना ते," मुलगी फोनवर म्हणाली. "कोणासाठी राबतेस?"

बाईंनी विषय बदलला.

नाक्यावरचा रेडिओ दुरुस्तीवाला त्यांचाच विद्यार्थी. त्याने सर्किट उलटसुलट करून पाहिलं. "बाई, वर्गात उत्तर देताना माझी व्हायची ना, तीच गत आहे याची. तोंड उघडलं की दम संपला. पाठवताना याला एकदम जास्त वीज लागते. वीज साठवून ठेवणारा हा कपॅसिटर अगदी खेटून जोडा. अँटेनाही लोखंडी मांडणीपासून लांब न्या."

"आणि निरोप वाटेतच हरवला तर?"

"पोच मागायची. आली नाही तर पुन्हा पाठवायचं."

बाईंनी कपॅसिटर जोडला. प्रोग्राम बदलून प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला, पोच आली नाही तर तीनदा पाठवायची सोय केली. दहा मिनिटं काहीच आलं नाही, तर पडदा कोरा होईल असं केलं.

मग चाचणी. शंभर निरोप सोडायचे आणि किती पोचले ते मोजायचं. हे खरं दोघांचं काम. एकाने तिकडे अँटेना हलवायची, दुसऱ्याने इकडून आकडा ओरडायचा. बाई अँटेना हलवून घरात यायच्या, आकडा वाचून परत जायच्या. पहिल्या दिवशी एकसष्ट. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. चौथ्या दिवशी गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी अँटेना लाकडी फळीवर वीतभर उंच बांधली.

"शंभर," ओट्यापाशी उभ्या राहून त्या मोठ्याने म्हणाल्या. मग मुलीला फोन लावला. ती घाईत होती. "संध्याकाळी बोलू हं." संध्याकाळी फोन आला नाही.

बाईंनी नवं बी पेरलं. कडाक्याच्या थंडीत हीटर पुन्हा बंद पडला, पण पडद्यावरचा आकडा नवावर येताच त्या शाल गुंडाळून गेल्या आणि तो चालू करून आल्या. रोपं तगली. दोनशे.

वीसेक दुरुस्तीवाल्याने नेली. बाकीची कोणाला द्यायची? नवरा दरवर्षी रोपं कोणाकोणाला द्यायचा, हे बाईंनी कधी विचारलंच नव्हतं.