मेल उघडणारी बाई

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, गावी कोरीटला आईजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या जिल्ह्यातले बरेच धंदेवाले मला ओळखतात. जिनिंगवाले, केळीवाले, पाइपचे दुकानदार. फसव्या मेलपासून धंदा कसा वाचवायचा, कॉम्प्युटरला कुलूप ठोकून खंडणी मागणाऱ्यांपासून सावध कसं राहायचं, हे मी त्यांना शिकवतो. लोक मन लावून ऐकतात, कारण मी सुरुवात एका खऱ्या गोष्टीने करतो. खऱ्या — असं मी म्हणतो.

गोष्ट नंदुरबारजवळच्या एका मिरचीच्या कारखान्यातली. सहा वर्षांपूर्वी मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायचो. माल रवाना करायचं काम शोभाताईंकडे होतं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा गेल्यावर त्या आधी शेडमध्ये मिरचीचे देठ खुडायला आल्या; बारावी झालेल्या आहेत हे कळल्यावर शेठनी त्यांना ऑफिसात घेतलं. कॉम्प्युटर त्यांना मीच शिकवला. पहिल्या आठवड्यात माउस हातातून सुटायचा आणि त्या एकट्याच हसायच्या. वर्षभरात माझ्यापेक्षा भराभर टाइप करायला लागल्या. रोज सकाळी खुर्ची पुसून मगच बसायच्या. त्या खुर्चीचं त्यांना किती मोल होतं, ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच हे सगळं...

थांबा, क्रमाने सांगतो.

एका सकाळी ऑफिसातल्या सगळ्या पडद्यांवर एकच लाल पान आलं. तुमच्या फाइली आमच्या ताब्यात आहेत, पैसे भरा. ऑर्डरी, माल पाठवल्याच्या नोंदी, मसाल्याच्या तपासणीचे अहवाल — काहीच उघडेना. दारात ट्रक उभे, आणि कोणता माल कुठे जायचाय ते कोणालाच सांगता येईना. सगळ्याची दुसरी प्रत ठेवायची डिस्क होती. ती काम झालं की काढून कपाटात ठेवायची, हा नियम माझाच. पण मी ती महिनोन्महिने मशीनलाच लावून ठेवली होती. तीही गेली. शेठना मी सांगितलं, डिस्क जुनी होती, खराब झाली. हे पहिलं खोटं. पण सांगायचंय ते हे नाही.

आदल्या दिवशी दुपारी ती मेल आली होती. ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाने — तुमचा माल नाक्यावर अडकलाय, सोबतचा कागद बघा. नाव ओळखीचं, पत्त्यात एक अक्षर वेगळं. महिनाभर आधी मीच ऑफिसातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, आणि शंका आली तर आधी मला विचारा.

शोभाताईंनी पत्ता वाचला. त्यांना शंका आली. त्या उठून माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊ, जरा देखा ना. हाई मेलना पत्ता येगळा दिखी ऱ्हायना. उघाडू का?"

मी मोबाइलवर मॅच बघत होतो. मान वर केली नाही.

"उघाडा ना, ताई."

बस. एवढंच. त्या गेल्या आणि मी सांगितलं तसं त्यांनी केलं.

लाल पान आल्यावर शेठनी आम्हाला समोर उभं केलं. "कोनी उघाडी?"

"मी उघाडी, शेठ," शोभाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आता पुढचं मी बोलेन, याची वाट बघितल्यासारखं. मी जमिनीकडे बघितलं आणि म्हणालो, "शेठ, मी सगळ्यांना शिकवलं होतं."

त्यावर त्या का बोलल्या नाहीत? मला खूप वाटतं की विचारावं. पण ते विचारायला आधी मला काय बोलावं लागेल?

खंडणी शेठनी दिली नाही. शोभाताईंनी प्रत्येक पावतीची कागदी प्रत जपून ठेवली होती. त्यावरून बारा-तेरा दिवस बसून त्यांनीच सगळ्या नोंदी पुन्हा चढवल्या. मी शेजारी बसून नवीन पासवर्ड तयार करत होतो. काम संपलं आणि शेठनी त्यांना परत शेडमध्ये पाठवलं. देठ खुडायला. तोंडाला ओढणी बांधून बसलेल्या त्यांना मी खिडकीतून बघायचो. मिरचीच्या धुळीने त्यांना खोकला लागायचा. चार महिन्यांनी त्या यायच्या बंद झाल्या. कारखान्यात कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आणि मी? व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत मला बोलायला बोलावलं. मी ही गोष्ट सांगितली. आमच्याकडे एक बाई होत्या, कोणाला विचारलं नाही, सरळ मेल उघडली. त्यांच्या बोलण्याची नक्कलही केली. लोक खूप हसले. मग मला बोलावणी यायला लागली.

दोन वर्षांपूर्वी लोणखेड्याच्या एका कॉलेजात बचत गटांच्या बायकांसाठी कार्यक्रम होता. मी "कोणाला विचारलं नाही" इथवर आलो आणि तिसऱ्या ओळीत त्या दिसल्या. केस पांढरे झालेले, मांडीवर वही. गोष्ट बदलायला वेळ होता. वाक्य अर्धवट सोडायलाही होता. मी पुढचं सगळं सांगितलं. नक्कलसुद्धा.

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या.

"भाऊ, एखादीनी इचारीसन उघाडी तं? आनि जेले इचारं, त्यानीच 'उघाडा' सांगं तं?"

त्या प्रश्नाचा रोख कोणाला समजला नाही. माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे. अशा वेळी ज्याच्या नावाने मेल आली त्याला स्वतः फोन करून खात्री करायची."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "बरं, भाऊ," म्हणाल्या आणि बसल्या.

गेल्या आठवड्यात विसरवाडीला हॉटेलवाल्यांचा, ट्रकवाल्यांचा मेळावा होता. तिथेही मी सुरुवात त्याच गोष्टीने केली. लोक हसले.